खचलेलं घर

भाच्याने ओळंबा सोडला. दोरी डुलायची थांबेपर्यंत मावशी भिंतीवरच्या भेगेकडेच बघत होती. मागच्या खोलीच्या छतापासून ती भेग जमिनीपर्यंत सरळ उतरली होती, चांगली नखाएवढी रुंद.

"नीट बघून घ्या हं," घरमालक दारातूनच म्हणाले. "पाया खचलाय. मागून कोणी म्हणायला नको, म्हाताऱ्याने फसवलं."

म्हणूनच त्यांनी किंमत निम्म्यावर आणली होती. मावशीचं शिलाईचं दुकान होतं, पण आता सुईत दोरा ओवताना डोळे कुरकुरायला लागले होते. एक घर घ्यायचं, भाड्याने द्यायचं आणि म्हातारपणी कोणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं. पक्क्या घरापुरते पैसे तिने गाठीला बांधले होते. निम्म्यात भागलं, तर उरलेल्यात डागडुजी होऊन वर थोडे हाताशी राहिले असते. भाचा बांधकामाचा इंजिनियर. "सुधारण्यासारखं आहे की अंगावर पडेल, तेवढं सांग," असं म्हणून तिने त्याला ओढून आणलं होतं.

भाच्याने घाई केली नाही. फरशी समतल आहे का, ते पाणसळ ठेवून बघितलं. प्रत्येक दार लावून उघडून पाहिलं. मग मागच्या कोपऱ्यात पायापर्यंत खड्डा खणला आणि कोपरापर्यंत माती माखून घेत आत वाकला. वर आला तो हसतच.

"मावशी, घर ठणठणीत आहे," तो कुजबुजला. "ही खोली नंतर जोडलीये. भेग त्या जोडाची आहे. पाया कुठेही खचलेला नाही. आता गप्प बस आणि घेऊन टाक."

मावशीला लॉटरी लागल्यासारखं झालं. पण तो आनंद जेमतेम अंगणापर्यंत टिकला. घरमालक खुर्चीवर बसून खणलेल्या मातीकडे बघत होते, आजाऱ्याच्या खोलीबाहेर बसावं तसे. निम्म्या किमतीत घेते म्हणायला त्यांच्यासमोर तिची जीभ रेटेना. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. तिथे त्यांची बायको कपबशा विसळत होती.

"काकू, घराला काही झालेलं नाही," मावशी एका दमात बोलून मोकळी झाली. "पाया शाबूत आहे. एवढ्या स्वस्तात विकू नका."

काकूंनी नळ बंद केला. बाहेर एकदा नजर टाकली आणि दार लोटून घेतलं.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "ती भेग वर्षानुवर्षं तेवढीच आहे. पाया खचला, हे आमच्या मुलाने सांगितलं. तोही इंजिनियरच. 'माझ्याकडे राहायला या' म्हणून विनवून थकला बिचारा. यांचा पाय काही घरातून निघेना. मलाही नातवंडांत राहायचं होतं. मी गप्प बसले."

"अहो, पण निम्मी किंमत?"

"ती यांनीच लावली, आम्हाला कोणाला न विचारता. आता कुठल्या तोंडाने अडवू?" काकूंनी ओले हात पदराला पुसले. "त्यांना कळू देऊ नका हो. घर सुटल्याचं दुःख पचवतील ते. मुलगा खोटं बोलला, हे नाही पचायचं."

मावशी दार उघडून बाहेर आली. भाच्याने नजरेनेच विचारलं, ठरलं ना? तिने त्याच्याकडे बघितलंच नाही.

"काका, घेते मी घर."

"पुन्हा एकदा विचार करा बाई," घरमालक कळकळीने म्हणाले. "पाया खचलाय."

"हो काका, खचलाय," मावशी म्हणाली, आणि किंमत पक्क्या घराची सांगितली.