ढावलो

दारव्ह्याजवळच्या आमच्या बंजारा तांड्यावर नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते. त्याला आम्ही ढावलो म्हणतो.

ताईने तिच्या लग्नात भावासाठी गायलेला ढावलो त्याने मोबाईलमध्ये भरून नेला. मग टीव्हीवरच्या आपल्या विनोदी कार्यक्रमात, डोक्यावर पदर घेऊन, खोटे हुंदके देत, एका मोठ्या गायिकेसोबत तोच ढावलो गायला. लोकांनी हसून हसून टाळ्या वाजवल्या. ताई त्यानंतर माहेरी आलीच नाही.

परवा माझं लग्न झालं. आईच्या, बाबांच्या गळ्यात पडून मी गायले. भाऊ हात पसरून उभा होता, डोळे खरंच भरलेले.

"माह्यासाठीबी म्हण ना वं," तो म्हणाला.



मी डोळे पुसले आणि टाळ्या वाजवल्या.