किल्लीची खुंटी

रोज सकाळी आमच्या घरात गाडीची किल्ली हरवायची. बाबा विचारायचे, “अगं, किल्ली पाहिलीस का?” आई म्हणायची, “डोकं तेवढं धडावर आहे ना, ते बघा आधी.” मग दोघं भांडत भांडत अख्खं घर पालथं घालायची. मला या तमाशाचा वीट आला. मी दाराशी खुंटी ठोकली, वर ठळक अक्षरांत ‘किल्ली’ लिहिलं आणि घराला वळण लावल्याच्या ऐटीत मिरवू लागले. आठवडाभर बाबा मुकाट्याने निघत होते, आई मुकाट्याने दार लावत होती.

आज बाबांनी पुन्हा विचारलं, “अगं, किल्ली पाहिलीस का?”

किल्ली त्यांच्याच खिशात खुळखुळत होती. आईलाही ते ऐकू आलं. ती लगबगीने सोफ्याखाली वाकली आणि म्हणाली, “इथं तर नाही हो. चला, माळ्यावर बघू.”