खापरपणजीची तारीख

"अठराशे अठ्ठावन्नच्या मृत्यूंमध्ये कीझाया अँबर्सन नावाचं कुणी नाही," असं म्हणत कारकूनबाईंनी वही मिटली.

लोर्नाने चष्मा कपाळावर सरकवला. "नाही कशी? बाळंतपणात गेली ती. आमच्या घरच्या बायबलात, जन्ममृत्यूंच्या पानावर, सालही लिहिलंय."

"मग नुसतं सालच कोरू या ना," तिचा धाकटा भाऊ ड्वेन म्हणाला. "दगडवाला काय वर्षभर थांबणार आहे? आणि मला भूक लागलीय."

घराण्याच्या थडग्यांवर नवा दगड बसवायचा होता. खापरपणजीच्या मृत्युदिनावाचून सगळं अडलं होतं, म्हणून दोघं सकाळपासून काउंटीच्या कचेरीच्या तळघरात बसली होती.

त्या बाळंतपणातलं बाळ म्हणजे त्यांचे पणजोबा जोसाया. आपल्यापायी आई गेली, या दुःखाने त्यांनी जन्मभर स्वतःचा वाढदिवस करू दिला नाही, असं आजोबा सांगायचे.

कारकूनबाई जरा घुटमळल्या. मग मागच्या कपाटातून त्यांनी एक जाडजूड वही काढून आणली. "ही एकदा बघा. निराधारगृहाची आहे. सहसा कुणी मागत नाही."

पाचव्याच पानावर नाव सापडलं. लोर्ना वाचू लागली.

"दाखल, एप्रिल १८५८. कीझाया अँबर्सन, वय बावीस. बाळंतपणानंतर चित्त ठिकाणावर नाही. नवऱ्याने आणून सोडले. मूल नणंदेकडे." पुढे दुसऱ्या शाईत एकच ओळ होती. "मृत्यू, १८९१."

ड्वेनने डोक्यावरची टोपी काढली. "तेहेतीस वर्षं! अगं, पणजोबा तोवर बापही झाले होते."

"आणि त्यांना सांगितलं काय, तर तू जन्मलास आणि आई गेली."

जेवणाचा विषय मग कुणी काढला नाही. दोघं एकेक वर्ष उलटत गेली. वर्षाअखेरीला तीच नोंद असायची: कीझाया शांत आहे, शिवणकाम करते, भेटीला कोणी नाही.

१८७९च्या पानावर लोर्नाचं बोट थांबलं. "छप्पर गळते. शेजारच्या काउंटीतून सुतार जे. अँबर्सन यास बोलावले."

"पणजोबाच!" ड्वेन खुर्ची ओढून जवळ आला. "छपरांचीच कामं करायचे ते. म्हणजे हे वर, आणि ती… आई आहे हे त्यांना ठाऊक होतं?"

"कोण सांगणार रे त्यांना?"

"आणि तिला?"

लोर्ना पुढे वाचू लागली.

"पहिला दिवस. कीझायाने सुताराचे नाव दोनदा विचारले. दुसरा दिवस. कीझाया अंगणात बसून असते, जेवायला आत येत नाही. चौथा दिवस. सुताराला पाणी तीच नेऊन देते. बोलत नाही. सहावा दिवस. काम पुरे झाले, सुतार गेला."

पुढे त्या पानावर एकच ओळ उरली होती. तिने वही भावाकडे सरकवली. ड्वेनने ती ओळ आधी मनात वाचली, मग हळूच मोठ्याने.

"सातवा दिवस. कीझाया विचारीत होती, आणखी कुठे गळत नाही का?"