डायल अर्धा रिकामा

"अरे, अर्धा डायल रिकामाच हाय की!" डेअरीमालक बापूसाहेबांनी बॉयलरच्या नव्या प्रेशर गेजवर टिचकी मारली. "चौदापतूर आकडे हायेत आन् तू सातावरच अडून बसलास? आवळ तो वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. अकरावर घे."

सुभानला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. हे गेज त्यानंच हट्टानं मागवलं होतं. जुनं होतं आठापर्यंतचं. काटा सदा शेवटच्या आकड्यांत थरथरायचा आणि थरथरून थरथरून पार खिळखिळा झाला होता. म्हणून सुभान म्हणाला, साताच्या दुप्पट आकड्यांचं आणा, म्हणजे सातावर काटा मधोमध उभा राहील, लांबूनही दिसेल. मालकांनी पुण्याहून आणलंही. पण मोकळी जागा दिसली की मालक लोकांना राहवतंय थोडंच! गेजवर चौदा लिहिलंय म्हणजे बॉयलर चौदा सोसतो, असं त्यांनी धरूनच टाकलं.

"साहेब, चौदा ही गेजची ताकद. बॉयलरची सातच. नळ्या पातळ झाल्यात त्याच्या, कवाधरनं सांगतोय मी."

"दिवाळी तोंडावर आलीया, सुभान. खव्याला वाफ पुरंना आन् पुण्याचे मिठाईवाले रोज फोन करत्यात. तुला जमत नसंल तर ठेव पाना खाली. उद्या दौंडहून दुसरा माणूस आणतो."

भिंतीपलीकडं खव्याच्या कढयांपाशी आठ बाया उलथनी फिरवत होत्या. त्यांत सुभानची सून सुफिया होती. पाना खाली ठेवावा, तर उद्या दुसरा येऊन आवळणार. न ठेवावा, तर आपल्याच हातानं आवळायचा. शिरूरच्या या डेअरीत वीस वर्षं आगीपुढं काढली त्यानं, पण असा पेच कधी पडला नव्हता.

त्या दिवशी खंडेनवमी. मालकीणबाई, सुषमावहिनी, बॉयलरच्या पूजेचं ताट घेऊन केव्हाच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आत आल्या, भट्टीच्या दाराला हळद लावली, झेंडूचं फूल वाहिलं आणि सुभानकडं वळल्या.

"सुभानभाई, हा फुटला तर काय हुईल?"

"भिंत ऱ्हाणार न्हाई, वहिनी. पलीकडं आपल्या बाया. आन् साहेबांचं टेबल तर हितंच, चार पावलांवर."

"बाईमाणसाला काय भेव दाखवतोस रे!" बापूसाहेब खेकसले.

वहिनींनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "कुठंपतूर चालंल?"

सुभाननं सातावर बोट ठेवलं. बोट आकड्यावरून काढलं नाही.

वहिनींनी ताटातल्या ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि सुभानचं बोट होतं तिथं, काचेवर, एक उभी रेघ ओढली. मग बॉयलरच्या कठड्यावरचं फडकं उचललं आणि नवऱ्यापुढं धरलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "सातापुढं जायचं असंल, तर माझं कुंकू तुमच्या हातानं पुसा."