मंगळावरची घंटा

मंगळावरच्या एका फोटोत घंटेसारखं काहीतरी दिसलं आणि चार दिवस देशाला दुसरं काही सुचेना. वाहिनीवरच्या चर्चेत ज्योतिषाचार्यांनी तिथे देऊळ असल्याचं जाहीर करून टाकलं. निवृत्त कर्नलसाहेबांना तो शत्रूचा बॉम्ब वाटला. मंगळाच्या दगडांचा अभ्यास करणारी शर्वाणी दोघांच्या मध्ये बसली होती. ती एवढंच म्हणाली, "दगड आहे तो. वाऱ्याने झिजलाय."

निवेदकाने घाईघाईने जाहिरात लावली.

सांगलीला घरी पोचली, तर शेजारचे उकिडवेकाका फाटकातच उभे. "वरून दबाव आला ना गं? चेहऱ्यावरूनच कळत होतं."

"काका, खरंच दगड आहे हो."

"समजलं, समजलं!" काकांनी डोळा मिचकावला.

आईने तिला आत घेतलं, दार लावलं, पंखा मोठा केला आणि कानाशी येऊन कुजबुजली, "आता कोणी नाही. मला तरी खरं सांग."

"अगं आई, दगडच आहे."

आईचा चेहरा पडला. पोटच्या पोरीने परकं केलं म्हणून तिचे डोळेच भरून आले. शर्वाणी दमली होती. तिला ते बघवेना.

"घंटाच आहे," ती हळूच म्हणाली. "पितळी."

आईने तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "एवढं शिकवल्याचं आज चीज झालं गं!" म्हणाली आणि मावशीला फोन लावायला धावली.

शर्वाणीला पीएचडी मिळाली तेव्हाही आई एवढी हरखली नव्हती.