लाल टॉवेलच्या गाठी

"खुर्ची काय यांच्या बापाची आहे?" असं म्हणत सूनबाईने टॉवेलच्या गाठीला हात घातला.

लालभडक टॉवेल. नुसता पसरलेला नव्हे, आरामखुर्चीच्या पाठीला वरच्या बाजूने दोन गाठी मारून बांधलेला. गाठीही अशा, की नखं मोडायची वेळ आली. खुर्चीवर माणूस नाही, पिशवी नाही, खाली चपला नाहीत. समोरच्या खांबावर ढळढळीत पाटी होती : सामान ठेवून खुर्च्या अडवू नयेत. पण पाटी वाचतो कोण! वॉटर पार्कचं दार उघडलं रे उघडलं, की लोक पाण्याकडे न धावता खुर्च्यांकडे धावतात, टॉवेल टाकतात आणि दिवसभर तिकडे फिरकत नाहीत. सावलीत टॉवेल पहुडलेले आणि माणसं उन्हात उभी.

त्या उभ्या माणसांत सूनबाईच्या सासूबाई होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडलेल्या. मुलगा नातवंडांना घेऊन लाटांच्या तलावाकडे गेला होता आणि सासूबाई खांबाला धरून उभ्या.

"राहू दे गं, कुणाची तरी असेल," त्या म्हणाल्या. पण त्यांचा पाय थरथरत होता. सूनबाईला ते बघवेना. मऊ लागलं की लोक कोपराने खणतात, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

दुसरी गाठ सुटली. टॉवेलची घडी करून तिने खुर्चीखाली सरकवली आणि सासूबाईंना हाताला धरून बसवलं. त्यांनी पाय लांब केले आणि "आई गं" म्हणत डोळे मिटले. सूनबाई कमरेवर हात ठेवून शेजारी उभी राहिली. आता येऊ दे कोण येतंय ते!

आले एक आजोबा. स्वच्छतागृहाच्या बाजूने, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. खुर्च्यांच्या रांगेवरून नजर फिरवत पुढे गेले, परत फिरले आणि एवढ्या लांबलचक रांगेत नेमके सासूबाईंच्या खुर्चीपाशी थांबले.

"इथं... कुणी बसलंय का?"

समोर बाई पाय पसरून पडलीय आणि वर हे विचारणं! "दिसत नाही का आजोबा? बसल्यात की."

"हो, हो. चुकलं माझं." त्यांनी चक्क हात जोडले. मग खुर्चीच्या पाठीकडे पुन्हा एकदा निरखून बघितलं आणि हळूहळू गर्दीत शिरले. सूनबाईला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण एक खुर्ची किती जणांना पुरवायची?

थोड्या वेळाने एक बाई आली. कडेवर नुकतेच कोरडे कपडे घातलेलं मूल, खांद्यावर सामानाची पिशवी. खुर्ची बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"इथला लाल टॉवेल?"

सूनबाईचं उत्तर तयारच होतं. पाटी, सावली, सासूबाईंचा गुडघा. "हे बघा ताई, टॉवेल टाकून जागा अडवायची म्हणजे..."

"जागा घ्या हो, खुशाल घ्या! टॉवेल कुठाय? माझ्या बाबांना काही लक्षात राहत नाही. लाल दिसला की तिथं थांबायचं, एवढं जमतं अजून. म्हणून तर बाथरूमला एकटे जातात. बाळाचे कपडे बदलेपर्यंत येतील म्हटलं, तर..." तिची नजर पलीकडच्या खोल तलावावर खिळली होती.

सूनबाईला मघाचे आजोबा आठवले. विजार दुमडलेली, हात जोडलेले. तिनेच तर हाकलला होता तो माणूस.

लेक मुलाला घेऊन तलावाकडे धावली. सूनबाईने खुर्चीखालून टॉवेल ओढला, कठड्यावर चढली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरून हलवायला लागली. लोक हसले. कुणी शिट्टीही मारली. तिला कशाचीच शुद्ध नव्हती. सासूबाई आपणहून उठल्या आणि गुडघ्याचं नाव न काढता खुर्ची रिकामी राखून उभ्या राहिल्या.

हात भरून आले, तेव्हा गर्दीतून आजोबा आले. विजार कमरेपर्यंत भिजली होती. कठड्याशी येऊन त्यांनी टॉवेलचं टोक मुठीत घट्ट धरलं. मागून लेक धावत आली आणि त्यांना बिलगली.

"आलो होतो गं मी," आजोबा खालमानेने म्हणाले. "पण लाल काही दिसेना. म्हटलं, संपलं. आता रंगही विसरलो आपण."

लेकीने त्यांचं मनगट पकडलं. "यापुढे एकट्याने कुठं जायचं नाही हं, बाबा. बाथरूमलासुद्धा नाही." आजोबांनी गुमान मान हलवली.

सूनबाई कठड्यावरून उतरली. म्हातारा सापडला होता, आता निमूटपणे सटकलं असतं तरी चाललं असतं. पण त्या हललेल्या मानेने तिला जागचं हलू दिलं नाही.

"आजोबा, तुम्ही काही विसरला नाहीत," ती म्हणाली. "टॉवेल मी सोडला होता. लाल नव्हतंच इथं. आणि तरीही तुम्ही याच खुर्चीपाशी थांबलात. हाकललं मी तुम्हाला."

आजोबांनी एकदा खुर्चीकडे बघितलं. मग त्यांनी लेकीच्या मुठीतून आपलं मनगट हलकेच सोडवून घेतलं.

"ऐकलंस?" ते म्हणाले. "टॉवेल नव्हता, तरी आलो होतो मी."