मधल्या बटणाची पैज

मधलं बटण लागलं, तर घड्याळजीची वर्षभराची भांडी सुटणार होती. नाही लागलं, तर बायकोच्या वाटणीचीही त्यालाच घासायची होती. पैज त्याने स्वतःच लावली होती, तीही चार पाहुण्यांसमोर, तोंडात केकचा तुकडा असताना. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी लग्नाचा फोटो काढलेल्याच स्टुडिओत, लग्नातल्याच कोटात, मधलं बटण लावून उभा राहीन, असं तो म्हणाला होता.

तो दिवस आज उजाडला होता. घड्याळजी आरशासमोर श्वास रोखून उभा होता आणि लेक कोटाच्या दोन्ही कडा ओढत होती. बटण आणि काज यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. दोघं एकमेकांना ओळख दाखवायला तयार नव्हते.

"बाबा, पोट आत घ्या."

"घेतलंय."

"मग हे बाहेर काय राहिलंय?"

घड्याळजीने आरशातूनच डोळे वटारले. बोलायला श्वास सोडावा लागला असता.

चुकलं कुठे, तेच त्याला उमजेना. व्यायाम तर तो इमानेइतबारे करत होता. रोज सकाळी बागेला दोन फेऱ्या, आणि तिसरी बाकावर बसून. मनगटावर कॅलरी मोजणारा पट्टा होता. एकावर एक फुकट मिळाले होते, दोन्ही काळे, जुळ्या भावांसारखे. ते फोनला जोडायला लेक पुढे सरसावली, तेव्हा त्याने तिला बाजूला सारलं होतं. "मनगटावरच्या वस्तूंमधलं तू मला शिकवू नकोस!" आपला पट्टा आपल्या फोनला, फुकटचा बायकोच्या फोनला, असं त्याने एका झटक्यात उरकलं होतं.

पट्टा मोठा उदार निघाला. दिवसभर दुकानात स्टुलावर बसून, डोळ्याला भिंग लावून घरी यावं आणि फोन उघडावा, तर एखाद्या हमालाला लाज वाटेल इतक्या कॅलरी जळलेल्या. "बारीक काम आहे," घड्याळजी सांगायचा. "बघणाऱ्याला वाटतं हा नुसता बसलाय. आत भट्टी पेटलेली असते!"

"असे पट्टे फुगवून सांगतात, बाबा," लेक म्हणायची. "आणि जाळलेलं सगळंच परत खाल्लंत, तर घटणार काय? निदान अर्धं तरी सोडा."

"घाम मी गाळला. मग माझंच मी परत घ्यायला लाजू कशाला?"

आणि तो परत घ्यायचा. लोण्याची बिस्किटं, केक, वर सायीची कॉफी. जळलेलं शेवटच्या कणापर्यंत वसूल करूनच उठायचा.

बायकोच्या फोनवर मात्र रोज दुष्काळ. ती इस्पितळात परिचारिका. तीन मजले, सहा वॉर्ड, दिवसभर पायाला भिंगरी. "अहो, मी इतकी धावते, आणि हा म्हणतो मी जागची हललेच नाही!"

"अगं, सवयीच्या कामाला शरीर हिंग लावून विचारत नाही," घड्याळजीने तज्ज्ञाच्या थाटात समजूत घातली होती. तिला ते पटलं. हातातला केकचा तुकडा ती मुकाट्याने डब्यात परत ठेवायची. डबा उघडा राहू नये म्हणून तो घड्याळजी संपवायचा.

"आता शेवटचं ओढते," लेक म्हणाली. "फुटलं तर बटण फुटेल."

तेवढ्यात टेबलावरचा घड्याळजीचा फोन बोलला. कौतुक कानांनी ऐकलेलं बरं, म्हणून त्याने आवाज चालू ठेवला होता.

"शाब्बास! तुम्ही तीन मजले चढलात!"

घड्याळजी आरशासमोरून तसूभरही हलला नव्हता. दोघांनी फोनकडे पाहिलं. मग दाराकडे. दारात बायको धापा टाकत उभी होती. लिफ्ट बंद होती, आणि इस्त्रीवाल्याकडून लग्नातला पोशाख घेऊन ती जिन्याने वर आली होती.

"काय झालं? असे भूत बघितल्यासारखे काय बघताय?"

लेकीने तिच्या मनगटाकडे बघितलं, बाबांच्या मनगटाकडे बघितलं, आणि ती मटकन पलंगावर बसली. "बाबा, जरा खाली जाऊन वर या."

"कशाला?"

"जा हो!"

घड्याळजी उघड्या कोटाने उतरला आणि कठड्याला धरत, देवाचं नाव घेत चढला. त्याने उंबऱ्यात पाय टाकला, आणि बायकोच्या पर्समध्ये इतके महिने मुका असलेला फोन कंठ फुटल्यासारखा ओरडला, "शाब्बास!"

बायकोला कळायला क्षणभर लागला. मग ती हसायला लागली. हसता हसता तिने पोशाख अंगावर चढवला, तर तो खांद्यावरून घसरायला लागला. लेकीने मागून टाचण्या लावल्या आणि वजनकाटा पुढे ओढला. बाबांचं जेवढं वाढलं होतं, जवळपास तेवढंच आईचं घटलं होतं. घराचं वजन होतं तिथेच होतं. फक्त पलंगाच्या या बाजूचं त्या बाजूला गेलं होतं.

"म्हणजे इतके दिवस मी जाळलं," बायको डोळे पुसत म्हणाली, "आणि तुम्ही खाल्लं!"

"आण तो पट्टा," घड्याळजी पडेल आवाजात म्हणाला. "बदलून देतो."

"हात लावायचा नाही! आहे ते उत्तम आहे."

फोटोत घड्याळजीचा कोट उघडाच आला, बायकोच्या पाठीमागच्या टाचण्या आल्या नाहीत, आणि दोघांचंही हसू जरा हललेलं आलं.

घरी परतल्यावर घड्याळजीने बाह्या सरसावल्या आणि नळ सोडला. बायको टेबलाशी पाय पसरून बसली. समोर केकचा डबा, शेजारी तिचा फोन. तो पातेलं घासत होता. फोन "शाब्बास" म्हणाला, की ती पुढचा तुकडा उचलत होती.